तुझ्या येळंपासून

माझा जन्म उसाच्या फडात झाला, ही आमच्या घरातली हसायची गोष्ट होती. पाहुणे आले, चार शेजारणी जमल्या, की माय ती सांगायची. दसरा झाला की केज तालुक्यातल्या आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेला, कारखान्यांच्या मुलखात जायच्या. त्या साली माय पोटुशी असूनही गेली, कारण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो. "फडात वाकले आन कळ आली. हातातला कोयता खाली ठिवायला येळ दिला न्हाई ह्या बयेनं," असं माय म्हणायची आणि माझ्याकडे बोट करायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचे.

पुढे मी बीडला वसतिगृहात राहून शिकले, वीज कार्यालयात नोकरीला लागले. तिथे डबा खाताना मीसुद्धा ही गोष्ट सांगायचे. सोबतच्या बाया म्हणायच्या, "काय जिगर गं तुझ्या आईची!" मला ते ऐकायला आवडायचं. मायच्या जिगरीतला थोडा वाटा आपल्यालाही मिळाला, असं वाटायचं. पण मी जन्मले की गोष्ट संपायची. त्यानंतर मायचं काय झालं, ती कुठे निजली, कुणी तिला ऊन पाणी दिलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारावं असं सुचलंच नाही.

मला दिवस गेले तेव्हा माझं वय तसं उलटून चाललं होतं, म्हणून डॉक्टरबाईंनी सुरुवातीपासून नीट लक्ष ठेवलं. गोळ्या, इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी. एकदा माय गावाहून आलेली होती, तिला सोबत नेलं. यंत्रातून बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू आले तशी ती पुढे सरकली आणि म्हणाली, "अय माय, हे तर घोडं पळायलंय!" डॉक्टरबाई हसल्या. बाहेर आल्यावर तिने माझ्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "आमाला कुणी असलं ऐकिवलं न्हाई. तू लाथ मारायचीस तवा कळायचं, जितं हाय म्हनून."

बाळंतपणाला मी माहेरी जावं अशी तिची इच्छा होती. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच करतात. पण गावाहून दवाखाना लांब. मी म्हणाले, तूच ये. ती आली. एसटीतून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर एक गाठोडं आणि हातात दोन पिशव्या होत्या. बाजरीचं पीठ, डिंक, खारका, ओवा, बाळंतशोपा, जुन्या धुवट लुगड्यांचे तुकडे. नवऱ्याने गाठोडं घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू द्या पाव्हनं, मला सवय हाय." आणि आमच्या घराचे तीन मजले चढून आली. प्रत्येक मजल्यावर थोडी थांबत होती. मी वरच्या पायरीवरून म्हणाले, "वय झालं माय तुझं आता." ती म्हणाली, "झालंच की."

कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळपासून सगळं सुरळीत होतं. दुपारी बाळाचे ठोके मंदावले आणि डॉक्टरबाईंनी थांबायचं नाही असं ठरवलं. मला आत नेलं, कमरेत सुई दिली, मध्ये हिरवा पडदा धरला. मी बोलत होते, ऐकत होते आणि पडद्यापलीकडे माझं पोट उघडलेलं होतं. थोड्या वेळाने रडणं ऐकू आलं. मुलगी. खोलीत आणलं तेव्हा माय बाळाकडे बघत उभी होती. मला म्हणाली, "दुखतंय का?" मी मान हलवली. "काहीच न्हाई?" "सुन्न केलंय ना." तिने माझ्या पायाला हात लावून बघितलं, जणू तिला खात्री करून घ्यायची होती. मग पलंगाशेजारची नर्सला बोलवायची घंटी तिने दाबून बघितली. नर्स धावत आली. "काय झालं मावशी?" "काय न्हाई. खरंच येतेत का बगितलं." तो दिवस आम्ही दोघींनी हसत काढला.

माय जुन्या वळणाची असली तरी हट्टी नव्हती. पहिलं चीक दूध पिळून टाकायचं नसतं, बाळाला द्यायचं असतं, हे नर्सने सांगितलं ते तिने लगेच ऐकलं. "आमी टाकायचो. आमाला कोन सांगनार?" एवढंच बोलली. पोटाला टाके आहेत, बाजेखाली शेगडी नको, धुरी नको, हेही मान्य केलं. पाचव्या दिवशी आमच्यात सटवाई पुजत नाहीत. आजोबांच्या काळात धम्म घेतला तेव्हापासून ते सुटलं. पण त्या संध्याकाळी तिने बाळाच्या उशाशी दिवा लावला, हात जोडून वंदना म्हटली आणि मला म्हणाली, "पुजा न्हाई ही. लेकराजवळ उजेड असावा, म्हनून."

एका गोष्टीत मात्र तिने कुणाचं ऐकलं नाही. माझं अंग तीच चोळणार, बाळाला तीच न्हाऊ घालणार आणि आम्हा दोघींना लागेल तेवढं ऊन पाणी तीच देणार. आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो. पालीच्या धरणात पाणी असलं तरी आमच्या गल्लीपर्यंत ते पोचेल तेव्हा खरं. म्हणून बाल्कनीत दोन मोठे ड्रम भरून ठेवलेले असायचे. ड्रममधून बादली भरायची, स्वयंपाकघरात गॅसवर मोठ्या पातेल्यात तापवायची, पुन्हा बादलीत ओतून न्हाणीघरात न्यायची. न्हाणीघरातला गिझर बंद पडलेला होता. तो दुरुस्त करून घेऊ, करून घेऊ, असं आम्ही नवरा-बायको कित्येक महिने म्हणत होतो. वीज कार्यालयात नोकरी करणाऱ्या बाईच्या घरचा गिझर बंद, यावर आमच्यात विनोदही झाले होते.

मी पलंगावर पडून हे सगळं ऐकायचे. बादलीची कडी वाजायची, मायची पावलं दारावरून जायची, मध्येच थांबायची, पुन्हा पुढे जायची. मला त्या आवाजांनी फार बरं वाटायचं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझं सगळं करत होतं. मी लहान असताना माय वर्षातले निम्मे महिने फडावर असायची आणि मी आजीपाशी. त्यामुळे तिच्या हातचं असं लाडानं न्हाणं मला आठवतच नव्हतं. ते आता मिळत होतं. मी ते पुरेपूर घेत होते.

तीन आठवडे होत आले असतील. दुपारची वेळ. बाळ झोपलं होतं. नवरा कामावर गेला होता. मला तहान लागली आणि मायला हाक मारण्याऐवजी मी स्वतःच उठले. टाके आता तितके ओढत नव्हते. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत पाण्याने भरलेली बादली जमिनीवर होती आणि माय भिंतीला कपाळ टेकून अर्धवट वाकून उभी होती. लुगडं वर सरकवलेलं, एक हात मांड्यांच्या मध्ये. ती काहीतरी आत ढकलत होती. दात घट्ट आवळलेले होते. तोंडातून आवाज नव्हता.

मी म्हणाले, "माय?"

तिने झटकन लुगडं खाली सोडलं. "काय करायलीस तू हितं? बाळंतिनीनं असं हिंडू न्हाई. जा, पड."

"काय झालंय तुला?"

"काय न्हाई झालं."

"मी बघितलं माय."

ती हात धूत राहिली. साबण लावून, पुन्हा पुन्हा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंग येतंय भाईर. वझं उचललं की येतंय. आत सारलं की ऱ्हातंय. त्याला काय व्हतंय?"

अंग म्हणजे गर्भाशय. एवढं मला कळलं.

"कधीपासून?"

तिने हात लुगड्याला पुसले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती रागावूनच म्हणाली, "तुझ्या येळंपासून. बास? जा आता."

मी जाऊन पलंगावर बसले. तहान विसरून गेले. माय आली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट करू लागली, जणू आमच्यात काही बोलणं झालंच नव्हतं.

त्या दुपारी मला एकेक आठवायला लागलं. माय जमिनीवर कधी मांडी घालून बसायची नाही. नेहमी एका टाचेवर, एक गुडघा उभा धरून. मला वाटायचं कामाची घाई, म्हणून अशी अधांतरी बसते. घराच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा दोरीवर, कापडाच्या घड्या वाळत असायच्या. मी मोठी झाले तेव्हा मला वाटलं, पाळीच्या असतील. पण तिची पाळी गेल्यावरही त्या तिथे होत्या. आणि केजचा बाजार. शाळेला सुट्टी असली की ती मला बाजारला न्यायची. गावातून फाट्यापर्यंत चालत जायचं, तिथून जीप. वाटेत ती मध्येच थांबायची, पाय एकमेकांत अडकवून उभी राहायची आणि पलीकडच्या रानाकडे बघायची. जीप निघून जाईल म्हणून मी पुढून ओरडायचे, "चल की लवकर! कावून थांबायलीस सारखी?" एकदा जीप खरोखरच निघून गेली. मी रस्त्यात बसून रडले आणि तिच्याशी दिवसभर बोलले नाही. तिने मला बाजारात बांगड्या घेऊन दिल्या, राग जावा म्हणून.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली, मेकॅनिक आणून गिझर दुरुस्त करून घेतला आणि स्वतः ड्रम भरले. जावई पाणी भरतो हे बघून माय कानकोंडी झाली. स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. मला हळूच म्हणाली, "तू सांगितलंस व्हय त्यानला? कसली गं तू? आता मी त्यांच्या म्होरं कशी फिरू?" मायचं दुखणं कमी करायला निघालेल्या मी तिच्या पदरात लाज टाकली होती.

डॉक्टरकडे चल म्हणाले, तर नाही. "तुझा सव्वा म्हैना हू दे. मंग बगू." एखादी बाई ठेवते म्हणाले, तर नाही. "परकी बाई लेकराला हात लावनार? मी मेले का?" नळ कोरडा असला की गिझर काही कामाचा नव्हता आणि बादल्या पुन्हा तीच न्यायची, म्हणून मीच उठून कामं करू लागले. एका सकाळी तिच्या आधी न्हाणीघरात गेले आणि भरलेली बादली उचलली. पोटात कळ गेली. टाक्यांपाशी ओलं लागलं. मायने ते बघितलं आणि तिने चक्क कपाळावर हात मारून घेतला. रडत म्हणाली, "माजं झालं ते झालं. तुला बी तसंच करून घ्यायचंय का? तुला काय झालं तर मी कुनाला तोंड दावू?"

त्यानंतर मी झोपून राहिले. हे सांगताना मला अजून लाज वाटते. ज्या दुपारी मला कळलं, त्या दुपारपर्यंतचं तरी मी म्हणू शकते की मला माहीत नव्हतं. पण कळल्यावरही मी तिच्याकडून अंग चोळून घेतलं. तिच्या हातची भाकरी खाल्ली. रात्रभर बाळाने जागवलं की पहाटे तिच्या मांडीवर बाळ दिलं आणि स्वतः झोपले. मला तिची गरज होती आणि ती माझ्या लाजेपेक्षा मोठी निघाली. माय दारावरून गेली की मी डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे ती कशी चालते ते दिसू नये.

सव्वा महिना झाल्यावर मी तिला तिच्या शब्दाची आठवण करून दिली. ती घाबरली होती. खरं कारण तेव्हा बाहेर आलं. "पिशवी काडतेत," ती म्हणाली. आमच्या गावात तोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या काढलेल्या आहेत. पाळी गेली की कामाला खाडा पडत नाही, असं त्यांना कुणी कुणी सांगितलं होतं. मायलाही सांगितलं होतं. ती गेली नव्हती. "ज्यांनी काडल्या त्यांच्या कमरा गेल्या. भरल्या वयात म्हाताऱ्या झाल्या. मी म्हनलं, भाईर आली तर आली, पर माजी हाय."

मी म्हणाले, "तुझ्या मनाविरुद्ध कुणी काही काढणार नाही. मी आहे ना."

ती म्हणाली, "तू हायस. म्हनून तर येते."

माझं बाळंतपण केलेल्या डॉक्टरबाईंकडेच गेलो. त्यांनी मायला समोर बसवलं आणि विचारलं, "मावशी, बाळंतपणं किती झाली? कुठे झाली?"

मोठ्या दोन्ही भावांची गावात, सुईणीच्या हातची. "आन हिची फडात." मला वाटलं, आता ती नेहमीची गोष्ट सांगेल. पण डॉक्टरबाई हसण्यासाठी ऐकत नव्हत्या. त्या विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या, म्हणून मायनेही जसं घडलं तसं सांगितलं.

कळ सकाळी आली होती. ती दुपारपर्यंत ऊस तोडत राहिली, कारण गाडी भरायची होती. मग उभं राहवेना, तेव्हा टोळीतल्या दोन बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. पाचटावर निजवलं. बाळ अडलं. तिसरी एक म्हातारी पोटावर गुडघा देऊन दाबत होती. मायला मध्येच काही कळेनासं झालं. शुद्धीवर आली तेव्हा मी झालेली होते आणि नाळ कोयत्यानंच कापलेली होती, चुलीवर तापवून. संध्याकाळी तिला कोपीत नेलं. कोपी म्हणजे उसाच्या वाढ्यांची, शेंड्याकडच्या पानांची झोपडी, वाकून आत जायचं. बापाने एकट्यानं दोन-तीन दिवस तोडलं. टोळीला आगाऊ उचल दिलेला मुकादम येऊन दारात उभा राहिला.

"मग?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मंग गेले कामाला. बसून कसं भागल? तोडायला न्हाई, मोळ्या व्हायला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चडायचं. दुसऱ्या का तिसऱ्या दिसाला चडताना कायतरी सुटल्यावानी झालं खाली. मला वाटलं, अजून एक लेकरू राहिलं का काय आत." इथे ती थोडी हसली. आम्ही दोघी हसलो नाही.

डॉक्टरबाईंनी तपासलं. नंतर मला म्हणाल्या, "बाळंतपण अवघड होतं हे खरं. पण खरं नुकसान त्यानंतर झालंय. ओल्या अंगानं ती ओझी वाहिली त्याचं. तुम्ही जन्मलात म्हणून नाही झालं हे, असं मनात घेऊ नका." माझा चेहरा बघून त्या असं बोलल्या असाव्यात. मला एक क्षण हलकं वाटलं. तेवढ्यात त्यांनी मायकडे वळून विचारलं, "आता घरी जड काही उचलता का मावशी? पाण्याच्या बादल्या वगैरे?"

माय म्हणाली, "न्हाई न्हाई. पाव्हनंच समदं करतेत."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिला बोलू दिलं. मग मला राहवेना. मी म्हणाले, "उचलत होती. माझ्या बाळंतपणासाठी. हल्ली हल्लीपर्यंत." डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. त्यांनी रागावून काही बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

पिशवी काढायची वेळ आली नाही. ऑपरेशन हा एक मार्ग आहे, त्यात पिशवी ठेवूनही टाके घालून वर बांधता येते, पण आधी एक साधी गोष्ट करून बघू, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी रबरासारखी मऊ एक रिंग दाखवली. बांगडीएवढी. ती आत बसवायची, तिच्या आधाराने अंग जागेवर राहतं, दर काही महिन्यांनी येऊन काढून धुऊन पुन्हा बसवायची. मायने ती हातात घेऊन दाबून बघितली. पडद्याआड गेली. थोड्या वेळाने बाहेर आली, तिथल्या तिथे चार पावलं चालली, खोकून बघितलं, थांबली. पुन्हा चालली.

"एवडंच व्हय?" ती म्हणाली.

"एवढंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या मापाची बसलीय. टोचलं, रक्त दिसलं तर लगेच यायचं."

घरी आल्यावर ती बाळाला घेऊन जमिनीवर बसली. मांडी घालून. मी तिला तसं बसलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं ती खूश असेल. पण तिचा चेहरा वेगळाच होता. काही वेळाने म्हणाली, "एवडं सोपं व्हतं तर कुनी सांगितलं कावून न्हाई?" तिने बाळाला मांडीवर सावरलं. "तुझा बाप गेला. त्याला जवळ येऊ दिलं न्हाई मी कितीक वरीस. त्याला वाटायचं, मी रुसले हाय. त्याला सांगू कसं? आन ही बांगडी. एवडीशी." तिचा आवाज चढला. "सरकारी दवाखान्यात गेलते की मी तापाला, खोकल्याला. एक बी बाई म्हनली न्हाई, आजून काय दुकतंय का म्हनून. मी बी सांगितलं न्हाई. मी बी येडीच."

मी रडायला लागले. म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं माय. मी शिकलेली. मी तुझ्याजवळ होते."

ती मला थोपटत बसली नाही. उलट वैतागली. "तू रडू नकोस सारखी. पंधरा दिस झालं बगायले मी. तू रडतीस मंग मला तुझं बी करावं लागतंय. मला माजं माजं रडू दे की जरा."

तसं बोलणं तिने माझ्याशी कधी केलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि बाळ घेतलं. माय भिंतीकडे तोंड करून पडली आणि बराच वेळ तशीच राहिली. माझी अपराधी भावनासुद्धा तिच्याकडून सेवा करून घेत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

जेवताना ती शांत झाली होती. आपण होऊन बोलली. "तुला सांगू का? मला त्या अंगाचं कधी एवडं वाटलं न्हाई. तुझंच वाटायचं. मोळ्या व्हायला गेले तवा तुला गाडीखाली झोळीत टाकून जायची. एक दिस येऊन बगते तर मुंगळे लागलेले. कानाला, गालाला. रडून रडून तुझा आवाज बसलेला. मी वर गाडीत व्हते, मला ऐकू आलं न्हाई. का आलं आन मी म्हनलं एवडी मोळी टाकून जाते, ते बी आता आठवत न्हाई." तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "ते मी कुनाला सांगत न्हाई. गोष्ट सांगते ती दुसरीच सांगते."

मी म्हणाले, "मला तर काही आठवतही नाही माय."

"मला आठवतंय ना," ती म्हणाली.

महिन्याभराने ती गावाकडे गेली. गाठोडं नवऱ्याने स्टँडपर्यंत नेलं आणि तिने नेऊ दिलं. फोनवर मी रोज विचारायचे, जड उचललं का, आणि ती रोज नाही म्हणायची. त्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण विचारणंही सोडवत नाही.

रिंग धुवायची वेळ आली तेव्हा ती एकटी आली नाही. शेजारची एक बाई बरोबर होती, मायच्याच टोळीतली, तिच्याहून वयाने थोडी लहान. दोघी फाट्यावरून जीपने केजला, तिथून एसटीने बीडला आल्या होत्या. माझ्याकडे मायने फक्त डॉक्टरबाईंची वेळ घ्यायचं काम दिलं होतं. मी कार्यालयातून मधल्या सुट्टीत दवाखान्यात पोचले तेव्हा दोघी बाकावर बसल्या होत्या. ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. माय तिला, आजूबाजूला माणसं असताना, हळू न बोलता सांगत होती, "लाजायचं न्हाई. बाई हाय आत. बांगडीवानी असती, दुकत न्हाई."

ती बाई मला म्हणाली, "ताई, माझ्या लेकीला कळू देऊ नका. पुन्याला असती. तिचे दिस भरत आलेत. मला बाळंतपनाला जायचंय तिच्या. तिला कळलं तर येऊ द्यायची न्हाई, आन उगा जिवाला लावून घील."

 मी म्हणणार होते, नाही सांगत. तसं म्हणणं सोपं होतं.

मायच मध्ये बोलली. "सांगायचं. आदी सांगायचं. न्हाई सांगितलंस तर ती पलंगावर निजून तुझ्याच हातानं ऊन पानी काडून घील."

ती माझ्याकडे बघून बोलली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या आवाजात रागही नव्हता. आतून नाव पुकारलं आणि ती त्या बाईचा हात धरून उठली. जाता जाता मला म्हणाली, "तू कावून थांबायलीस? तुझी सुट्टी संपली आसंल. जा."

मी पर्स उचलली, पण गेले नाही. दोघी बाहेर येईपर्यंत त्या बाकावर बसून राहिले.